रुपयाला तारीख लावून बघा: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या लेखात मी एकच मुद्दा मांडला होता, की आजचे १०० रुपये आणि पाच वर्षांनी मिळणारे १०० रुपये या दोन वेगळ्या रकमा आहेत, कारण आजचे पैसे हातात असतील तर ते कुठेतरी ठेवून पाच वर्षांत वाढवता येतात. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी लेख बाजूला ठेवून फक्त उत्तरंच देतेय. प्रश्न वाचताना एक गोष्ट सारखी दिसली, जवळजवळ प्रत्येकाने वेगवेगळ्या तारखांचे आकडे सरळ एकमेकांत मिळवलेत नाहीतर वजा केलेत. डॉलर आणि रुपये आपण तसेच मिळवत नाही ना, आधी एका चलनात आणतो मग बेरीज करतो, तारखांचंही अगदी तेच आहे. आधी सगळे आकडे एका तारखेला आणायचे. पुढच्या तारखेला न्यायचं तर प्रत्येक वर्षासाठी एकदा (१ + दर) ने गुणायचं, मागे आणायचं तर तितक्याच वेळा भागायचं. दर ७ टक्के असेल तर १.०७ ने. एवढंच हातात धरा, खालची सगळी उत्तरं त्यातूनच निघतात.

प्रश्न: ताई, एका नातेवाइकाकडून माझे पैसे येणं आहे. ते म्हणतात आत्ता हवे असतील तर ५ लाख घे, तीन वर्षं थांबलास तर ६ लाख देतो. घरात सगळे म्हणतायत लाखभर जास्त मिळतायत तर थांब की. थांबू का?

उत्तर: तो जास्तीचा लाख तीन वर्षांनंतरचा आहे, आजच्या ५ लाखाशेजारी ठेवून त्याची वजाबाकी करता येत नाही. उलटा हिशोब करून बघा. ५ चे ६ व्हायचे म्हणजे १.२ पट, तीन वर्षांत, म्हणून १.२ चं घनमूळ काढायचं, ते येतं १.०६२७. म्हणजे ते नातेवाईक तुम्हाला वर्षाला साधारण ६.२७ टक्के देऊ करतायत, बाकी काही नाही. आता प्रश्न सोपा झाला, हे ५ लाख मला दुसरीकडे तेवढ्याच खात्रीने ६.२७ टक्क्यांपेक्षा जास्त मिळवून देतील का? तुम्हाला ७ टक्के मिळू शकत असतील तर तीन वर्षांनंतरच्या ६ लाखांची आजची किंमत ४,८९,७७९ रुपये होते, म्हणजे ५ लाखांपेक्षा कमी, आत्ता घ्या. ५ टक्केच मिळत असतील तर तेच ६ लाख आजच्या ५,१८,३०३ रुपयांएवढे आहेत, मग थांबण्यात अर्थ आहे.

पण ‘तेवढ्याच खात्रीने’ हे शब्द मी मुद्दाम घातलेत. तोंडी वचन आणि बँकेतली ठेव यांची खात्री सारखी नसते, तीन वर्षांत माणसाची परिस्थिती बदलू शकते, त्यामुळे ६.२७ टक्के हा अशा वचनासाठी मला तरी कमीच वाटतो. मी असते तर आत्ता घेतले असते.

प्रश्न: मॅडम तुमच्या लेखात तुम्ही सगळीकडे ७ टक्के दर धरला होता, तो कुठून आणला? मी ४ टक्के धरला की उत्तर वेगळं येतं आणि १२ धरला की एकदमच उलटं येतं, मग या सगळ्या गणिताला अर्थ काय राहिला, जो दर हवा तो धरा आणि हवं ते उत्तर काढा?

उत्तर: इतक्या प्रश्नांत हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे ७ टक्के फक्त उदाहरणाला होते, ते तुमचे असतीलच असं नाही. तुमचा दर म्हणजे हे पैसे इथे घातले नसते तर तुम्ही ते जिथे ठेवले असते तिथे, साधारण तेवढीच जोखीम घेऊन, जे मिळालं असतं तो. म्हणजे दर हा माणसागणिक बदलतो आणि त्याच माणसाचाही कामागणिक बदलतो. दोन वर्षांनी फी भरायला लागणारे पैसे तुम्ही शेअर्समध्ये घालणार नसाल तर त्या पैशांसाठी शेअर्सचा दर धरायचाच नाही, ठेवीचा धरायचा. पंचवीस वर्षं हात न लावण्याचे पैसे असतील तर गोष्ट वेगळी.

आणि ज्यांच्या डोक्यावर महागडं कर्ज आहे त्यांचा दर तर ठरलेलाच असतो. समजा कार्डाचं बिल थकलंय आणि त्यावर महिना ३ टक्के लागतायत. बारा महिन्यांत ते ३६ टक्के होत नाहीत, चक्रवाढीने १.०३ चा बारावा घात १.४२५८ येतो, म्हणजे वर्षाला ४२.६ टक्के. अशा वेळी ‘८ टक्के देणारी योजना चांगली आहे का’ असं विचारणाऱ्याला मी एकच सांगते, तुमच्याकडे ४२ टक्के बिनजोखमीचे देणारी जागा घरातच आहे, आधी ते बिल संपवा.

आता जो दर हवा तो धरा यावर. दर बदलला की उत्तर बदलतं हे बरोबरच आहे आणि ते दडवून ठेवण्यापेक्षा उघड करावं, म्हणून मी नेहमी दोन-तीन दरांनी करून बघते. सगळ्या दरांना एकच उत्तर येत असेल तर निश्चिंत निर्णय घ्या. वरच्या नातेवाइकांच्या प्रश्नासारखं मध्येच उत्तर पालटत असेल तर नेमकं कुठल्या दराला पालटतं तो आकडा शोधा आणि स्वतःला विचारा की मी त्याच्या वर आहे की खाली. ‘बरोबर दर कोणता’ यावर डोकं फोडण्यापेक्षा हे फार सोपं पडतं. आणखी एक पथ्य पाळा, रकमा महागाई धरून लिहिल्या असतील तर दरही महागाईसकट धरायचा, रकमा आजच्या किमतीत लिहिल्या असतील तर दरातून महागाई काढून टाकायची, या दोन्हींची सरमिसळ झाली की उत्तर चुकतंच.

प्रश्न: एका ओळखीच्या एजंटने पॉलिसी आणलीय. दरवर्षी ५० हजार, दहा वर्षं भरायचे, आणि विसाव्या वर्षाच्या शेवटी १० लाख मिळणार, नक्की, लेखी. तो म्हणतो ५ लाख भरून १० लाख, पैसे डबल आणि वर इन्शुरन्स फुकट. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू. मला कुठेतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये.

उत्तर: तुम्हाला खटकतंय ते अगदी योग्य जागी खटकतंय. ‘५ लाख भरले’ ही बेरीजच करता येत नाही. पहिले ५० हजार तुम्ही आज देताय आणि दहावे ५० हजार नऊ वर्षांनी, ते दोन्ही सारखे धरून एजंटने ५ लाख केले आणि मग त्याच्यासमोर विसाव्या वर्षाचे १० लाख ठेवले. तीन वेगवेगळ्या काळातले पैसे एकाच ओळीत.

आपण सगळे विसाव्या वर्षाच्या शेवटी नेऊ. समजा हेच हप्ते तुम्ही ७ टक्के देणाऱ्या ठिकाणी ठेवलेत. पहिला हप्ता वीस वर्षं वाढेल, दुसरा एकोणीस, असं करत दहावा अकरा वर्षं. दहा वर्षं संपताना ते सगळे मिळून साधारण ७,३९,१८० रुपये झालेले असतील, आणि पुढची दहा वर्षं काहीही न भरता नुसते ठेवले तर ते होतात जवळजवळ १४ लाख ५४ हजार. पॉलिसी देतेय १० लाख. म्हणजे फरक आहे साडेचार लाखांचा, विसाव्या वर्षाच्या रुपयांत.

मग पॉलिसीचा स्वतःचा दर किती? असा दर शोधायचा की ज्याने हप्ते विसाव्या वर्षापर्यंत वाढवले तर बरोबर १० लाख होतील. ४.५ टक्क्यांनी केलं तर ९,९७,०९८ येतात, म्हणजे दर त्याच्या अगदी किंचित वर, साधारण ४.५२ टक्के. हाच तो आकडा जो एजंटने सांगितला नाही. कागदावर अंदाज घ्यायचा असेल तर हप्ते सरासरी साडेचार वर्षांनी जातात असं धरा, म्हणजे पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास, बोटांवर होतं हे.

इन्शुरन्स फुकट नाहीये, तुमच्या हप्त्यातलाच काही भाग त्यासाठी जातो आणि दर खाली येण्याचं ते एक कारण आहे. विम्याला किंमत आहेच, ती मी नाकारत नाही. पण ती वेगळी मोजा. तेवढ्याच रकमेचा नुसता मुदत विमा वर्षाला कितीला मिळतो ते विचारा, ते पैसे ५० हजारांतून वजा करा, उरलेले स्वतः गुंतवलेत तर वीस वर्षांनी किती होतात ते काढा आणि मग दोन्ही रकमा मिस्टरांसमोर ठेवा. वाद घालायची गरजच पडणार नाही. कराचा नियम दोन्ही पर्यायांना वेगळा लागत असेल तर तोही त्यात धरा.

प्रश्न: ७२ चा नियम खरंच बरोबर आहे का हो?

उत्तर: अंदाजाला उत्तम. ७२ ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं मिळतात. ८ टक्क्यांना ९ वर्षं, आणि नेमकं गणित केलं तर ९.००६, म्हणजे जवळपास तंतोतंत. २ टक्क्यांना नियम ३६ सांगतो, खरं उत्तर ३५. २४ टक्क्यांना नियम ३ म्हणतो आणि खरं लागतात ३.२२. म्हणजे मधल्या दरांना बिनधास्त वापरा, टोकाच्या दरांना थोडं इकडेतिकडे होतं. नियम जुना आहे, इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ साली छापलेल्या गणिताच्या पुस्तकात तो आहे. मला तो महागाईसाठी जास्त उपयोगी वाटतो, ६ टक्के महागाई म्हणजे बारा वर्षांत पैशाची ताकद निम्मी, एवढं तोंडी सांगता आलं की कपाटात नुसत्या ठेवलेल्या पैशांविषयी वेगळं काही बोलावं लागत नाही.

प्रश्न: वैयक्तिक कर्ज १ लाख, दोन वर्षं, १० टक्के फ्लॅट, हप्ता ५ हजार. दुसरीकडे १५ टक्के रिड्यूसिंग सांगतात. १० वालंच स्वस्त ना?

उत्तर: नाही, १० वालं महाग आहे. फ्लॅटमध्ये ते पूर्ण १ लाखावर दोन्ही वर्षांचं व्याज लावतात, २० हजार, आणि १ लाख २० हजाराला २४ ने भागून ५ हजाराचा हप्ता काढतात. पण पूर्ण १ लाख तुमच्याकडे फक्त पहिला महिना असतो. दर हप्त्याला तुम्ही थोडं मुद्दल परत देत जाता आणि तरी परत दिलेल्या पैशावरसुद्धा व्याज भरत राहता, रिड्यूसिंगमध्ये मात्र व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर लागतं. सगळे २४ हप्ते आजच्या तारखेला आणून त्यांची बेरीज बरोबर १ लाख होईल असा दर शोधला तर महिन्याला १.५१ टक्के येतो, वर्षाला १८.१६. आणि महिन्याची चक्रवाढ धरली तर १९.७ च्या पुढे. एक्सेलमध्ये किंवा मोबाइलवरच्या शीटमध्ये रेट नावाचं फंक्शन आहे, त्यात हप्त्यांची संख्या २४, हप्ता उणे ५०००, कर्ज १००००० टाका, लगेच मासिक दर मिळतो. १५ टक्के रिड्यूसिंगवालं घ्या, आणि सही करण्याआधी प्रोसेसिंग फी किती कापून हातात नेमके किती देणार ते विचारा, कारण फी कापली की कर्जाच्या जागी १ लाख नाही तर हातात आलेली रक्कम टाकायची आणि दर अजून वर जातो.

प्रश्न: ताई मी २३ वर्षांचा आहे, नुकताच जॉब लागलाय. मला २० वर्षांनी १ कोटी हवेत. १० टक्के रिटर्न धरून दरमहा किती टाकू हे तीन कॅल्क्युलेटरवर बघितलं, एक म्हणतो १३,९२३, दुसरा १३,१६९, तिसरा १३,०६०. तिन्हीत सगळं सेम टाकलं होतं. कोण खोटं बोलतंय?

उत्तर: कोणीच नाही, तिघांनी ‘१० टक्के’ आणि ‘दरमहा’ यांचा अर्थ वेगवेगळा लावलाय. पहिल्याने धरलं की वर्ष संपताना बरोबर १० टक्के वाढ व्हावी, म्हणून महिन्याचा दर १.१ चं बारावं मूळ काढून ०.७९७ टक्के घेतला. दुसऱ्याने १० ला सरळ १२ ने भागून महिन्याला ०.८३३ घेतला, पण तसं केलं की वर्षाची खरी वाढ १०.४७ टक्के होते, म्हणजे नकळत त्याने जास्त रिटर्न धरला आणि म्हणून हप्ता कमी आला. तिसऱ्याने दुसऱ्यासारखंच केलं फक्त हप्ता महिन्याच्या शेवटी न धरता सुरुवातीला धरला, प्रत्येक हप्त्याला एक महिना जास्त मिळाला. गुंतवणुकीचा रिटर्न वर्षाचा म्हणून सांगितलेला असेल तर मी पहिल्याची पद्धत वापरेन. कर्जाच्या हप्त्यांना मात्र सहसा दुसरी चालते.

पण तुझ्या प्रश्नातलं खरं मोठं काम वेगळंच आहे. तुला जे १ कोटी दिसतायत ते आजच्या डोळ्यांनी दिसतायत, आणि मिळणार आहेत वीस वर्षांनी. महागाई ६ टक्के धरली तर १.०६ चा विसावा घात ३.२०७ होतो, म्हणजे तेव्हाच्या १ कोटीत आजच्या साधारण ३१ लाख १८ हजारांएवढंच काही घेता येईल. आजच्या १ कोटीची ताकद हवी असेल तर तेव्हा ३ कोटी २१ लाख लागतील, आणि तेवढ्यासाठी सपाट हप्ता दरमहा ४४,६५० च्या आसपास जातो. हे वाचून घाबरू नकोस, सपाट हप्ता भरायचाच कशाला? पगार वाढेल तसा हप्ता दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढवत नेलास तर पहिल्या वर्षी दरमहा साधारण २९,०६० ने सुरुवात करून तिथेच पोचता येतं. तेही आज जमत नसेल तर जमेल तेवढ्याने सुरू कर, पण ध्येय लिहिताना शेजारी ‘आजच्या किमतीत’ की ‘तेव्हाच्या किमतीत’ हे लिहून ठेव, नाहीतर वीस वर्षांनी आकडा गाठलेला असेल आणि काम झालेलं नसेल. आणि १० टक्के हा अंदाज आहे, त्याची कोणी हमी दिलेली नाही, म्हणून एकदा ८ टक्क्यांनीही करून बघ.

प्रश्न: माझी सगळी बचत मुदत ठेवीत आहे, ७ टक्के मिळतात, मी समाधानी आहे. तरी मुलगी म्हणते पैसे वाढतच नाहीयेत. कोण बरोबर?

उत्तर: काका, आकडा वाढतोय, ताकद जेमतेम टिकतेय. महागाई ६ असेल तर खरी वाढ ७ वजा ६ म्हणजे १ नाही, १.०७ भागिले १.०६, म्हणजे वर्षाला ०.९४ टक्के. आणि व्याजावर समजा २० टक्के कर जात असेल तर हातात ५.६ टक्केच राहतात, मग १.०५६ भागिले १.०६, उत्तर एकाच्या खाली जातं, दरवर्षी साधारण ०.३८ टक्के ताकद कमी. मुलगी बरोबर आहे. पण म्हणून सगळं काढून भलतीकडे टाका असं मी अजिबात म्हणणार नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत लागणारे पैसे ठेवीतच चांगले, तिथे खात्रीचीच किंमत मोजायची असते. जे पंधरा वर्षं लागणार नाहीत त्यांचा विचार मुलीबरोबर बसून करा.

प्रश्न: ८ टक्के वार्षिक आणि ८ टक्के तिमाही चक्रवाढ यात किती फरक पडतो? रोज चक्रवाढ देणारं कुणी असेल तर पैसे पटापट वाढतील ना?

उत्तर: तिमाहीला २ टक्के चार वेळा, म्हणजे वर्षाला ८.२४. महिन्याला केलं तर ८.३०. रोज केलं तरी ८.३३ आणि तिथेच थांबतं, क्षणाक्षणाला व्याज मिळवलं तरी त्याच्या पुढे जात नाही. ही मर्यादा गणिती याकोब बर्नुलीने १६८३ च्या सुमाराला चक्रवाढीचाच विचार करताना ओळखली. वर्षाला १०० टक्के दराने १ रुपया ठेवला आणि व्याज मिळवायच्या वेळा कितीही वाढवल्या तरी वर्षाअखेरी २.७१८ च्या पलीकडे तो जात नाही. त्यामुळे ‘रोज चक्रवाढ’ हे जाहिरातीत कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेलं असलं तरी ८.१ टक्के रोज चक्रवाढीने आणि ८.५ टक्के वर्षाला एकदा यात दुसरंच जास्त देतं, पहिल्याचे होतात ८.४४. दोन्हीकडचा वर्षाचा प्रभावी दर विचारा आणि तेवढाच ताडून बघा.

प्रश्न: बाबांनी २५ वर्षांपूर्वी १० लाखांना घेतलेलं घर आत्ता ६० लाखांना विकलं. सहापट! आणि तुम्ही लोक घर ही गुंतवणूक नाही म्हणता.

उत्तर: मी तसं म्हणत नाही, मी फक्त दर काढते. ६ चं पंचविसावं मूळ १.०७४३, म्हणजे वर्षाला ७.४३ टक्के. सहापट ऐकायला खूप मोठं वाटतं कारण मधली पंचवीस वर्षं त्या शब्दात दिसत नाहीत. आता यातून दुरुस्त्या, कर, देखभाल हे जे जे पैसे ज्या ज्या वर्षी गेले ते वजा करायचे, आणि पंचवीस वर्षं जे भाडं वाचलं ते मिळवायचं, तेही त्या त्या वर्षीच्या तारखेला. भाडं धरलं की घराचा हिशोब बऱ्याचदा सुधारतो, आणि ते लोक विसरतात, त्यामुळे घर विकून नुसत्या किमतीवर बोलणारे दोन्ही बाजूंचे लोक मला अर्धवट बोलताना दिसतात.

याच्याशीच लागून एकांनी विचारलंय की तीन वर्षांत +३०, −२० आणि +१० टक्के मिळाले, तर सरासरी ६.६७ धरू का. नको. १.३ × ०.८ × १.१ = १.१४४, त्याचं घनमूळ काढा, वर्षाला ४.५९ टक्केच. टक्क्यांची सरासरी काढायची नसते, गुणाकार करून मूळ काढायचं असतं.

प्रश्न: मी पैसे जमेल तसे टाकते, कधी दिवाळीत, कधी बोनस आला की. मग रिटर्न किती हे कसं काढायचं? टाकले २ लाख, झाले २ लाख २० हजार, म्हणजे १० टक्के?

उत्तर: तारखा नसतील तर उत्तरच नाही. समजा १ लाख सुरुवातीला टाकले, १ लाख वर्षाने आणि दोन वर्षं संपताना २.२ लाख झाले. १० टक्के चूक, आणि दोन वर्षं झाली म्हणून निम्मे करून ५ टक्के म्हणणंही चूक, कारण दुसऱ्या लाखाला एकच वर्ष मिळालंय. पहिला लाख दोनदा वाढला, दुसरा एकदा, म्हणून (१ + दर) चा वर्ग अधिक (१ + दर) = २.२. सोडवलं की दर ६.५२ टक्के. रकमा खूप असतील तर हाताने होत नाही, शीटमध्ये एक्सआयआरआर वापरा. एका कॉलममध्ये तारखा, शेजारी रकमा, टाकलेले पैसे उणे चिन्हाने आणि मिळालेले किंवा आजची किंमत अधिक चिन्हाने, शेवटच्या ओळीत आजची तारीख विसरू नका. चिन्हं सगळी एकच दिली तर ते एरर देतं, घाबरायचं नाही, चिन्ह बदलायचं. आणि गुंतवणुकीला दोन-तीनच महिने झाले असतील तर तो आकडा बघूच नका, छोट्या काळातला चढउतार वर्षभराचा करून दाखवला जातो आणि भलताच येतो. शीटमधलं एनपीव्ही (पुढच्या रकमांची आजची किंमत काढणारं फंक्शन) वापरणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवायचं, ते फंक्शन पहिली रक्कमसुद्धा एक वर्षानंतरची धरतं, त्यामुळे आज जाणारे पैसे त्याच्या कंसाबाहेर ठेवून वेगळे मिळवायचे.

प्रश्न: मी शाळेत गणित शिकवतो. सरळव्याज, चक्रवाढव्याज मुलं सूत्र पाठ करून सोडवतात पण यात जीव ओतता येईल असं काही सांगाल का? आपल्याकडच्या जुन्या गणितात हे होतं का?

उत्तर: सर, होतं आणि फार सुंदर होतं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत एक उदाहरण आहे, शंभराला महिना ५ व्याज, वर्षाने मुद्दल आणि व्याज मिळून १००० झाले, तर मुद्दल किती आणि व्याज किती. उत्तर ६२५ आणि ३७५. हे सरळव्याजाचं आहे, पण मुलांना प्रश्न उलटा वाचून दाखवा, वर्षाने मिळणाऱ्या १००० ची आजची किंमत किती? ६२५. भविष्यातली रक्कम मागे आजच्या तारखेला आणणं म्हणजे हेच. मग दर बदलून करायला सांगा, महिना १ टक्का केला की तेच १००० आजचे ८९३ होतात, दर कमी झाला की उद्याचा पैसा आजच्या जवळ सरकतो हे मुलांना स्वतःच दिसेल.

त्याहून जुनं आर्यभटांचं, इसवी सन ४९९. आर्यभटीयाच्या गणितपादातल्या २५ व्या श्लोकात त्यांनी व्याजावरच्या व्याजाची रीत दिलीय. आकड्यांत सांगायचं तर १०० रुपये एक महिना दिले, जे व्याज आलं ते त्याच दराने पुढे सहा महिने दिलं, ते व्याजासकट १६ झालं, तर पहिल्या महिन्याचं व्याज किती? १०. ताळा करून बघा, १० वर महिन्याला दहा टक्क्यांनी सहा महिन्यांचे ६, मिळून १६. दर माहीत नाही, रक्कम माहीत आहे, दर शोधायचाय, आणि ते शोधायला वर्गसमीकरण सोडवावं लागतं, अगदी वरच्या बाईंच्या २.२ लाखांसारखं. वर्गसमीकरण शिकवता तिथे आर्यभटांचा आणि २.२ लाखांचा असे हे दोन प्रश्न एकाखाली एक फळ्यावर लिहा, आणि २.२ लाखांच्या प्रश्नाचं उत्तर मुलांनी हाताने काढल्यावर मगच मोबाइलवर एक्सआयआरआर लावून ताडून बघायला द्या.